बिरूमामांची दहावी

बिरूमामांच्या वडलांकडं मेंढरं होती तोवर त्यांच्या घराला दार नव्हतं. घरच नव्हतं म्हणा. दिवाळी झाली की वाडा हलायचा. आमच्यात वाडा म्हणजे माणसं, मेंढरं, घोडी आणि कुत्री मिळून चाललेलं सगळं बिऱ्हाड. घोड्यावर भांडी, त्यांवर घोंगडी, घोंगड्यांवर बांधलेली लहान पोरं. घाट उतरून खाली जायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत इंदापूरच्या माळावर यायचं. असं पिढ्यान् पिढ्या चालत आलं होतं. मग एका साली मेंढरांना रोग लागला. मामांचे वडील सकाळी उठून मेलेली मेंढरं ओढून लांब टाकत, आणि ज्याच्या रानात वाडा बसला होता त्याची बोलणी दिवसभर ऐकत. उरलेली जितराबं विकून त्यांनी माळावर दोन खणांचं छप्पर घातलं. तेव्हा घराला दार आलं. दाराच्या आत मात्र काही नव्हतं.

मामा सांगायचे, "मेंढरं हुती तवा काय न्हाय तरी दूध हुतं. घर झालं आन उपास सुरू झाला."

पण दार आलं म्हणून शाळा आली. त्याआधी मामांचं नाव शाळेत चार महिने असायचं आणि वाडा हलला की कटायचं. आता ते सलग जाऊ लागले. बरोबरीची पोरं कुठल्या कुठं पुढं गेलेली, हे मिसरूड फुटलेलं पोरगं सातवीच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसायचं. आठवी अर्धी झाली आणि वडलांनी अंथरूण धरलं. मामांनी पाटी ठेवली आणि फावडं घेतलं. पुढं गावात हायस्कूल निघालं, तेव्हा ते पायाचे दगड वाहायला गेले. इमारत उभी राहिली, दगड संपले, आणि मामा तिथंच शिपाई म्हणून राहिले.

मी त्याच हायस्कूलची. आमचं गाव निमगाव केतकीपासून फार लांब नाही. बारामतीच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलं, मग बी.एड. केलं, आणि त्र्याण्णव साली गणिताची शिक्षिका म्हणून आपल्याच शाळेत लागले. माझ्या आधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी मिरवायला सांगत नाही, पण लपवतही नाही.

पहिल्या दिवशी मामा पाण्याचा तांब्या घेऊन आले. आमची आणि त्यांची वस्ती शेजारी शेजारी. त्यांनी मला शेंबडी असल्यापासून बघितलेलं.

"पाणी घ्या, बाई."

मी म्हटलं, "मामा, मला कशाला बाई म्हणता? सुमेच म्हणा की."

"सुमी वस्तीवर. हितं बाई," मामा म्हणाले. "दोन्ही एकाच तोंडानं जमंल मला. तुमी काळजी करू नका."

आणि खरंच जमलं. दिवसभर "बाई, खडू आणू का?" म्हणणारा माणूस संध्याकाळी बांधावरून ओरडायचा, "सुमे, तुझ्या बाची शेळी आमच्या मकंत शिरलीया, हाकल आदी."

मामा उंच होते, सडसडीत, आणि त्यांना बसलेलं कुणी कधी बघितलं नव्हतं. शाळेत शिपायासाठी लाकडी स्टूल होतं. त्यावर मामा हजेरीपट ठेवायचे. स्वतः भिंतीला एक पाय लावून उभे. काठी नसली तरी हात मानेमागून काठीवर टाकल्यासारखे. मैदानावर पांगलेली पोरं वर्गात आणायची असली की ते हाक मारत नसत. जिभेनं टाळ्यावर एक आवाज काढत, मेंढरं वळवायचा, आणि पाचवीपासून दहावीपर्यंतची पोरं त्या आवाजानं मुकाट वळायची. एका नव्या सरांना हे पोरांचा अपमान वाटलं. मामा त्यांना म्हणाले, "सर, आवाज मेंढरांचा हाय, पर पोरं समजून येत्यात. तुमी नावानं हाका मारा, बगू किती येत्यात." सरांनी दोन दिवस मारल्या. नंतर तेही मामांकडं बघायला लागले.

मामांचं एक बोलणं होतं: "मेंढरू सरळ वाटंला चुकत न्हाय, वळणावर चुकतं." आठवीतली मुलगी चार दिवस आली नाही की मामा माझ्या टेबलापाशी येऊन तेवढंच म्हणायचे. मग मी समजायचं, आणि संध्याकाळी त्या मुलीच्या घरी जायचं.

आणि मामांची घंटा. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तासाला एक टोला, पण असा की मास्तरनं वाक्य अर्धं सोडून खडू खाली ठेवावा. मामांच्या हातात घड्याळ नव्हतं. हेडसरांच्या खोलीत भिंतीवर होतं, पण त्याकडं ते क्वचितच बघत. वेळ झाली की हातातलं काम जिथं असेल तिथं ठेवून ते निघत. मध्ये कोण आहे, काय चाललं आहे, याचा संबंध नाही. एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले होते. मामा चहाचा ट्रे घेऊन आत गेले, आणि तेवढ्यात तासाची वेळ झाली. त्यांनी ट्रे साहेबांच्या हातात दिला आणि ते बाहेर पडले. टोला देऊन परत येईपर्यंत साहेब ट्रे धरून उभे. हेडसरांना घाम फुटला. मामांनी शांतपणे ट्रे घेतला आणि विचारलं, "साखर किती?"

मी शिकवत असताना वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात झाडू फिरत असायचा, हे मला हळूहळू जाणवायला लागलं. तेवढाच भाग रोज झाडला जायचा. मग एक दिवस मधल्या सुट्टीत मामा चहा ठेवता ठेवता म्हणाले, "बाई, काल तुमी म्हणला, वजा गुणिले वजा म्हंजी अधिक. मला काय त्ये पटलं न्हाय."

मी पुस्तकातलं सांगितलं. नाही पटलं. संख्यारेषा काढून दाखवली. मामांनी डाव्या बाजूला बघितलं, उजव्या बाजूला बघितलं, मान हलवली. शेवटी मी वैतागून म्हटलं, "मामा, गणितात असं मानतात. झालं."

"आसं आदी सांगायचं," मामा म्हणाले. "पटलं न्हाय, पर मान्य हाय."

पुढं दोन वर्षं हेच चाललं. निम्मी भूमिती त्यांना पटलेली नव्हती, पण मान्य होती. आणि मला वाटतं, त्यातच ते माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या पुढं गेले, कारण पोरांना पटलेलंही नसायचं आणि मान्यही नसायचं.

पण मामांना दहावी कशाला पाहिजे होती, ते सांगते. शाळेच्या प्रयोगशाळेत देशमाने म्हणून सहाय्यक होते. दोन वर्षांत निवृत्त व्हायचे होते. ती जागा शिपायांतून भरता येत होती, पण माणूस दहावी पास पाहिजे. आतला कुणी नसला तर संस्था बाहेरून माणूस आणणार, आणि बाहेरून येणारा संस्थेतल्याच कुणाचा तरी भाचा-पुतण्या असणार हे गावात सगळ्यांना आधीच माहीत होतं. म्हणजे मामांच्या हातात देशमान्यांची उरलेली नोकरी होती, तेवढीच मुदत. ती टळली की निवृत्तीपर्यंत तांब्या आणि झाडू.

मी एकदा विचारलं, "मामा, पगारासाठी का?"

"पगार कुणाला नको हाय? पर त्ये न्हाय निसतं." मामांनी तांब्या खाली ठेवला. "बाई, मी इतकी वर्सं त्या काचंच्या नळ्या भायेर नळावर धुतुया. आत काय करत्यात त्येंच्यात, त्ये मला दारातनं दिसतं. पोरं वाकून बगत्यात आन एकदम हसत्यात, निळ्याचं लाल झालं म्हंजी. मला एकदा त्ये माझ्या हातानं करून दावायचं हाय पोरास्नी."

तर मामांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळा सुटलेल्या माणसानं बाहेरून दहावीला बसायचं, तो हा फॉर्म. तो भरायला आमचे क्लार्क मोरे भाऊसाहेब यांच्याच टेबलावर जावं लागलं. मोरे भाऊसाहेब मनानं वाईट नव्हते, पण तोंड आवरत नसे.

"काय मामा, कलेक्टर व्हायचा विचार आहे का?"

"न्हाय भाऊसाहेब," मामा म्हणाले, "नापास व्हायचा हाय."

"म्हणजे?"

"आता लोक मला आठवी सोडलेला म्हणत्यात. दहावी नापास म्हणायला बी दहावीला बसावंच लागतंय की. तेवढी तरी बढती हुंद्या."

ऑफिसातले सगळे हसले. मोरेही हसले आणि त्यांनी फॉर्मवर शिक्का मारला.

अभ्यास शाळा सुटल्यावर, माझ्या वर्गात. तिथं पहिली अडचण गणिताची आली नाही, बसण्याची आली. मामांना बाकावर बसताच येईना. पाच मिनिटं झाली की उठायचे, खिडकी लावायचे, फळा पुसायचे, परत बसायचे. मी म्हटलं, मामा, पेपर तीन तासांचा असतो. तर म्हणाले, उभ्यानं लिवलं तर चालतंय का ते बोर्डाला विचारा. शेवटी आम्ही बसण्याचाच सराव सुरू केला. मी वह्या तपासत बसायची आणि मामा समोरच्या बाकावर नुसते बसायचे. हेडसरांच्या टेबलावरची शिपायाला बोलवायची टिंग वाजली की त्यांचं अंग निम्मं उठलेलं असायचं. मी नुसतं बघायची. मग ते खाली बसायचे.

त्यांच्या बायको, सुभद्रामामी, एकदा डबा घेऊन आल्या आणि दारातनं हे बघून म्हणाल्या, "सगळा जन्म हुब्यानं काडला, आन आता म्हाताऱ्याला बसायला शिकवत्यात. आगं सुमे, घरी तर जेवताना बी पाट नको म्हणत्यात."

"तू गप," मामा म्हणाले. "तीन तास बसायचं हाय मला."

"मग मेंढरं गेली तवाच बसायचं हुतं."

मामा हसले, आणि परत पुस्तकात बघायला लागले. मामी डबा ठेवून गेल्या नाहीत. मागच्या बाकावर बसून राहिल्या. त्या मात्र अगदी आरामात बसल्या होत्या.

पहिल्या वर्षी मार्चच्या परीक्षेला केंद्र इंदापूरला होतं. मामा रोज पहिल्या एसटीनं जायचे. पोरांच्या बरोबर बसले, पोरांच्या बरोबर उठले. मराठी, हिंदी, विज्ञान, इतिहास सुटलं. गणित आणि इंग्रजी राहिलं. निकालाच्या दिवशी शाळेसाठी पेढे आणायला हेडसरांनी त्यांनाच पाठवलं, आणि पास झालेल्या पोरांनी दिलेला एक एक पेढा मामांनी नाही न म्हणता खाल्ला. संध्याकाळी मला म्हणाले, "झालो बाई, दहावी नापास. आता मी मोऱ्यांच्या त्या दहावी नापास मेव्हण्याच्या बरुबरीला आलो."

असं म्हणाले खरे, पण त्या आठवड्यात व्हरांडा झाडला गेला नाही. मी विचारलं नाही. पुढच्या सोमवारी शाळा सुटल्यावर ते आले आणि बाकावर बसले.

ऑक्टोबरला इंग्रजी सुटलं. कसं सुटलं हे मला आणि मामांना दोघांनाही कळलं नाही. गणित परत राहिलं. आता येत्या उन्हाळ्यात देशमान्यांना निरोपाचा हार घालायचा होता, आणि त्याच्या अलीकडं एकच मार्च उरला होता.

त्या वर्षी आमच्या शाळेला परीक्षा केंद्र मिळालं. गावात आनंद झाला. सगळे मामांना म्हणाले, आता काय, घरचंच मैदान. एसटी नाही, धावपळ नाही, ओळखीचा बाक. मलाही तसंच वाटलं. इंदापूरची घंटा परक्या शाळेची होती आणि इथली मामांची, हे माझ्या मनात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

केंद्रसंचालक बाहेरच्या शाळेचे होते, पर्यवेक्षकही बरेचसे बाहेरचे. मामा परीक्षार्थी, म्हणून घंटेला शेजारच्या गावच्या शाळेतून बदली शिपाई आला होता. नवखा पोरगा. पहिल्या दिवशी मामांनी त्याला रुळापाशी नेऊन टोला कसा द्यायचा ते दाखवलं, हातोडी त्याच्या हातात दिली, आणि मग आत जाऊन बाकावर बसले. बीजगणिताचा पेपर नीट झाला. मग भूमिती.

ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या शिक्षकानं केंद्रात थांबायचं नाही, असा नियम. म्हणून मी कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला पालकांच्यात उभी होते. सुभद्रामामी शेजारी. त्यांनी पदराला गाठ मारली होती आणि ती सोडत नव्हत्या.

"बसल्यात न्हवं?"

"बसलेत, मामी. ते बघा, कडेच्या वर्गात, खिडकीजवळ."

"आजून बसल्यात?"

"अजून बसलेत."

असं चाललं होतं. दर अर्ध्या तासाला एक टोला पडत होता. मग एकदा तो पडला नाही. बदली शिपाई पुरवण्यांचा गठ्ठा घेऊन वर्गावर्गातून फिरत होता, आणि घंटा त्याच्या ध्यानातनं गेली. आम्हाला बाहेर काही कळलं नाही. मामींनी मात्र माझा हात धरला.

"सुमे. उटलं."

मामा वर्गाच्या दारातून बाहेर आले. पेन खिशाला लावलेलं. घाई नाही, गोंधळ नाही. रोजच्या पावलांनी व्हरांडा उतरून लिंबाखाली गेले, हातोडी उचलली आणि टोला दिला. चांगला, रोजच्यासारखा.

मग ते तिथंच थांबले. हातोडी हातात. एवढ्या लांबून मला त्यांचं तोंड दिसलं नाही, पण पाठ दिसली. उंच माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बुटका झालेला बघितला.

पर्यवेक्षक धावत आले, मागून केंद्रसंचालक. पुढं काय बोलणं झालं ते मला मोरे भाऊसाहेबांनी नंतर सांगितलं, कारण ते ऑफिसच्या दारात होते.

संचालक म्हणाले, "तुम्ही परीक्षार्थी आहात की शिपाई?"

"दोन्ही हाय, सायेब."

"पेपर सोडून विनापरवानगी बाहेर आलात. कुणाला काही सांगितलं? कुणी काही दिलं?"

"न्हाय सायेब. घंटंची येळ झाली हुती."

त्यांनी मामांचे खिसे तपासले. व्हरांड्यात, सगळ्या खिडक्यांसमोर. एका खिशातून तंबाखूची डबी निघाली, दुसऱ्यातून मामींनी घातलेला अंगारा. संचालकांना नियमाप्रमाणे मामांना बाहेर काढता आलं असतं. भरारी पथक अजून यायचं होतं, त्यांना स्वतःची नोकरीही दिसत असणार. मोरे सांगतात की संचालकांनी एकदा त्या रुळाकडं बघितलं. मग म्हणाले, "लेखी खुलासा द्या. तो वाचल्याशिवाय पेपर हातात देणार नाही."

वेळ तर चाललाच होता. मामा ऑफिसात गेले. मोऱ्यांनी कागद दिला, खुर्ची पुढं केली. इतकी वर्षं शाळेची नोटीस मामा वर्गावर्गात फिरवत होते, पण स्वतःच्या नावचा कागद त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिला. मोऱ्यांनी तो मला पुढं तोंडपाठ म्हणून दाखवला: "मी घंटा दिली. घंटेची वेळ झाली होती. त्या वेळी मी पेपरला बसलो आहे हे ध्यानात राहिले नाही. चूक माझी आहे. पुन्हा उठणार नाही."

संचालकांनी वाचलं आणि विचारलं, "पुन्हा उठणार नाही, हे नक्की?"

"न्हाय उठत. पर सायेब," मामा म्हणाले, "तेवढी घंटा येळंवर द्याया सांगा."

मोरे म्हणतात, संचालक हसले नाहीत. त्यांनी बदली शिपायाला बोलावलं, स्वतःचं घड्याळ काढून त्याच्या हातावर बांधलं आणि त्याला लिंबाखाली उभं केलं. आणि मामांना पेपर परत दिला.

कुंपणाबाहेर आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. मामा ऑफिसात गेले एवढं दिसलं, आणि ते बाहेर येईनात. मामी म्हणाल्या, "काडलं भायेर. ह्येंनी घंटंपायी घालवलं सगळं." त्या रडत नव्हत्या. पदराची गाठ मात्र त्यांनी सोडली होती. मग मामा बाहेर आले आणि वर्गाकडं चालू लागले, तेव्हा मामी मटकन रस्त्यावरच बसल्या.

पुढचा टोला वेळेवर पडला. त्या वर्गातल्या मुली मला नंतर म्हणाल्या, "बाई, घंटा झाली तेव्हा मामांनी दोन्ही हातांनी बाक धरला होता. डोळे मिटून. मग परत लिहायला लागले."

भूमितीचे दोन प्रश्न राहिले. वेळच नव्हता. आम्ही दोघांनी बसून मार्कांची बेरीज केली नाही. मामा म्हणाले, "मोजू नका बाई. मोजलं की मेंढरू कमी भरतंय."

निकालाचा गठ्ठा आणायला शाळेचा माणूस इंदापूरला जायचा. हेडसर म्हणाले, या वेळी मामांना नको, मोरे जातील. मामा म्हणाले, "काम माझं हाय, मी जानार." मग दोघंही गेले. येताना एसटीत मामांच्या मांडीवर तो सीलबंद गठ्ठा. मोऱ्यांना दम निघेना.

"मामा, कोपऱ्यातनं थोडं सील उचलू. कुणाला कळत नाही. परत चिकटवू."

"सील हाय त्ये."

"अहो, तुमचाच निकाल आहे त्यात."

"माझा एकट्याचा न्हाय. सगळ्या पोरांचा हाय."

आता एसटीत गोष्ट गुप्त राहत नाही. कंडक्टरनं विचारलं, काय प्रकार आहे. मोऱ्यांनी सांगितलं. मग सगळी गाडी मामांच्या मागं लागली. एक म्हातारी म्हणाली, "आरं लेकरा, फोड की, मला निमगावला उतरायचं हाय, मला कळणार न्हाय मग." मामा म्हणाले, "म्हातारे, सांगावा धाडीन." कंडक्टर म्हणाला, मी बघतो, मी सरकारी माणूस आहे. मामा म्हणाले, "तू एसटीचा, ह्ये बोर्डाचं." गावाच्या फाट्यावर उतरेपर्यंत त्यांनी गठ्ठ्यावरचे हात काढले नाहीत. मोरे भाऊसाहेब मला म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी तोंड बंद करून चालत आलो. फाट्यापासून शाळेपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा."

हेडसरांनी सील फोडलं. पोरांची नावं आधी वाचली, मामांनीच तसं सांगितलं होतं. मग खालचा एक वेगळा कागद काढला, बघितला, परत बघितला, आणि माझ्याकडं दिला. गणितात काठावर. अगदी काठावर, पण आत.

मी मामांकडं बघितलं. ते भिंतीला पाय लावून उभे होते.

"पास, मामा."

"बगा नीट."

"नीट बघितलं."

"पटत न्हाय," मामा म्हणाले. मग भिंतीवरचा पाय खाली घेत, "पर मान्य हाय."

पेढे त्या दिवशी मोऱ्यांनी आणले, स्वतःच्या खिशातून. मामांच्या तोंडात पेढा घालताना म्हणाले, "घ्या साहेब." आणि ते टोमणा मारत नव्हते. त्यांनाच ते विचित्र वाटलं असावं, कारण लगेच म्हणाले, "पण कलेक्टरचं तेवढं राहू द्या."

जूनमध्ये प्रयोगशाळेची किल्ली मामांच्या हातात आली. पहिल्या आठवड्यात ते आतच असायचे. कपाटातली एक एक बाटली पुसून नावं वाचायचे. सातवीच्या पहिल्या तासाला विज्ञानाच्या सरांनी त्यांना पुढं बोलावलं. मामांनी लिटमसचा निळा कागद लिंबाच्या रसात बुडवला आणि वर धरला. पोरं हसली. मामा पोरांकडं बघत होते, कागदाकडं नाही.

पुढं माझं लग्न झालं, मी बारामतीच्या शाळेत आले. माझे यजमान एमआयडीसीत कामाला. गावी जाणं सणावारापुरतं. मामांची खबर आईकडून कळायची. मामा निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी मी त्यांना शेवटचं बघितलं, बारामतीत, इंदापूरच्या रस्त्यावर. शाळेचं सामान न्यायला आले होते. आम्ही हॉटेलात चहा घेतला. मामा खुर्चीवर बसले होते, एक पाय बाहेर काढून, पण बसले होते.

"सुमे," ते म्हणाले. बारामती वस्ती नव्हती आणि शाळाही नव्हती, तरी सुमेच म्हणाले. "सुनंला बशिवलीया औंदा सतरा नंबरला. हुशार हाय. मला म्हणती, मामंजी, वजा वजा अधिक कसं ओ?"

"मग काय सांगितलं?"

"म्हनलं, मला पटलं की सांगतो."

चहा संपला तसे ते उठले. परीक्षानळ्यांचं भलंमोठं खोकं होतं, वर लाल अक्षरात 'काच' लिहिलेलं. मी रिक्षा करून देते म्हटलं, तर नको म्हणाले, स्टँड काय लांब नाही. खोकं खांद्यावर घेतलं आणि रस्ता ओलांडायला उभे राहिले. कारखान्याचे दिवस होते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर एकामागून एक चालले होते, आणि त्यांचे ड्रायव्हर कुणासाठी थांबत नाहीत. मामांनी मोकळा हात वर केला आणि सरळ चालू लागले. ट्रॅक्टर थांबला. मागचाही थांबला. मामा सावकाश पलीकडं गेले, खोकं जरासुद्धा हललं नाही, आणि गर्दीत दिसेनासे झाले.

बिरूमामा वयाच्या पंचेचाळिशीत दहावी पास झाले, आणि आमच्या हायस्कूलचे प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून निवृत्त झाले.